नाट्यपदांच्या अल्बमआधी: एका अभिनेत्रीसाठी तयारीची यादी

रेकॉर्डिंगला तीन आठवडे राहिलेत आणि मालिकेच्या शूटिंगमधून तुला मोजून दोन दिवस सुटी मिळालीय, म्हणून ही यादी फोनवर न सांगता लिहून काढली. ऑर्गनच्या साथीला मी आहेच, पण त्या दिवशी हे सगळं बोलत बसायला वेळ नसतो. तुझ्यासारख्या पडद्यावरून नाट्यसंगीताकडे वळणाऱ्या इतर मुलींनाही ती उपयोगी पडावी.

सर्वांत आधी पदं कमी कर. तू सोळा लिहून आणलीस, त्यातली आठ ठेव. निम्मी तू तानांसाठी निवडली आहेस असं मला वाटलं. तानेत रियाजी गायिका तुझ्या पुढेच असणार. पण एखादं वाक्य समोरच्याच्या काळजात नेऊन ठेवणं तू रोज करतेस, आणि नाट्यपदाला तेच हवं असतं. म्हणून ‘सौभद्र’मधली (1882) सुभद्रा, ‘स्वयंवर’मधली (1916) रुक्मिणी, ‘मत्स्यगंधा’मधली (1964) सत्यवती, अशा रंगमंचावर उभ्या कराव्याशा वाटतील त्या बायका निवड. बालगंधर्वांची रुक्मिणी ऐक, आशालताबाईंची सत्यवती ऐक. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे त्या ध्वनिमुद्रिकांतलं पद आटोपशीर केलेलं असतं, हे ध्यानात ठेव. तू अंतऱ्याला मोकळी जागा देऊ शकतेस. शेवटच्या आठवड्यात मात्र कोणाचंही ऐकू नकोस.

प्रत्येक पदासाठी नाटकाची संहिता मिळव आणि पदाआधीची दोन पानं मोठ्याने वाच. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हेच घे. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि ती सखीला विचारतेय. ‘वद’ म्हणजे सांग. हा पहिला शब्द आळवून सुरेल केलास की प्रश्न तिथेच विरतो. परवा तू तो लांबवलास, तेव्हा मी हात थांबवला होता, आठवतंय? मग तू आधीचं गद्य बोललीस आणि त्याच श्वासात ‘वद’वर आलीस. तो छोटा, जवळजवळ बोललेला ‘वद’ मला रेकॉर्डिंगमध्ये हवा आहे. स्टुडिओत कोणीतरी तुला आधीचं वाक्य द्यायला उभं राहील, अशी सोय मी करतोय.

शब्दांचं आणखी एक. कपड्याला लावलेल्या माइकमुळे हळू बोलायची सवय लागते आणि वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं जातं. पदात तसं झालं तर ‘शरण’चा ‘ण’ आणि ‘हरण’चा ‘ण’ दोन्ही गेले, यमकही गेलं. रोज दहा मिनिटं पदं नुसती वाच, ळ आणि ण स्पष्ट, पण न ठोकता. कागदावर मोठ्या अक्षरात लिही, श्वासाच्या जागी पेन्सिलीने खूण कर, आणि पद एकाच पानावर बसव. पान उलटल्याचा आवाज माइक सोडत नाही.

पट्टी ठरवायला सकाळी ताजी होऊन येऊ नकोस. दिवसभराचं शूटिंग करून ये आणि अंतऱ्यातली सर्वांत वरची जागा तीनदा गा. तिसऱ्यांदाही चेहरा न आवळता लागली तरच काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तुझा सा), नाहीतर खाली येऊ. यात कमीपणा काहीच नाही. ठरलं की बदलायचं नाही, कारण माझ्या पायपेटीचे, म्हणजे ऑर्गनचे, सूर पक्के आहेत. जुनी ऑर्गन आजच्या 440 हर्ट्झच्या ठरलेल्या सुराच्या मापाला तंतोतंत असेलच असं नाही, म्हणून आधी तिचा सूर मोजायचा आणि तंबोरा, तबला, व्हायोलिन सगळं तिच्याशी मिळवायचं. पूर्वी एका स्टुडिओत हे राहून गेलं. बासरी आधीच भरून ठेवलेली होती, आणि अख्खा दिवस वाया गेला. भात्याची धाप आणि पायट्यांची कुरकुर मी आदल्या दिवशी बघून घेईन. थोडी राहिली तर राहू दे, ती मला आवडते.

ठेक्याचा टिकटिक आवाज कानात घेऊन गायचं नाही, हे निर्मात्यांना आजच कळव. पदाची लय मुखड्यावर येताना किंचित रेंगाळते; तबलजी समोर बसलेला असला की तो तुझ्याबरोबर रेंगाळतो.

हक्कांचं काम निर्मात्यांचं असलं तरी कागद तू स्वतः बघ. आपल्याकडे कवी-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. ‘स्वयंवर’चे नाटककार खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 साली, तिथे अडचण नाही. ‘मत्स्यगंधा’चे संगीतकार अभिषेकीबुवा 1998 साली गेले. त्या चालींसाठी लेखी परवानगी लागेलच.

घशाचं तुला कळतं. फक्त आदल्या दोन दिवसांत आरडाओरड्याचे, रडण्याचे प्रसंग लावू नका असं आताच सांगून ठेव, आणि कोणी सुचवलेला नवा काढा त्याच आठवड्यात पिऊन बघू नकोस.

त्या दिवशी सुती कपडे घाल, बांगड्या घरी ठेव, पैंजण तर नकोतच. प्रत्येक पदाखाली नाटक, साल, कवी आणि चाल कोणाची हे छापायचा मजकूर सोबत आण. तबलजी आणि व्हायोलिनवाल्यांची नावं त्यात राहिली नाहीत ना, ते मी येण्याआधी एकदा वाचून घे.