स्वस्तातली स्प्रिंग एअर रायफल घेताय? या चुका टाळा

दुकानात रायफल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'एफपीएस (छर्र्याचा वेग, सेकंदाला किती फूट) किती?' स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न हाच आहे. कमी पैशात नेमबाजी करायची असेल तर विचारायचं ते असं: ही बंदूक तासभर कॉक करून (म्हणजे दर छर्र्याआधी स्प्रिंग दाबून) माझा खांदा टिकेल का, ट्रिगर दरवेळी एकाच जागी सुटतो का, नळी हलते का? नवे लोक पहिल्या महिन्यात 'बंदूकच खराब निघाली' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष पकडीत, छर्र्यात किंवा एखाद्या सैल स्क्रूत असतो.

शिकारीसाठी घ्यायची असेल तर

भारतात हा विषय इथेच संपतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. ससा, होला, मोर, वानर यांच्यावर 'फक्त छर्रा मारला' ही सबब चालत नाही. कोकणात माकडं आणि विदर्भात रानडुकरं पिकाची किती नासाडी करतात हे कुणी वेगळं सांगायला नको, पण ४.५ मिमीच्या छर्र्याने रानडुक्कर मरत नाही आणि माकड पळालं तरी जखम घेऊन पळतं, मग ती जखम चिघळते. अरुणाचल प्रदेशात याच बंदुकांनी पक्षी कमी होत गेले, तेव्हा २०२१ मध्ये तिथे एअर गन परत करण्याची मोहीम निघाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आपणहून जमा केल्या.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे सशांसाठी १२ फूट-पौंडाची, म्हणजे छर्र्याला साधारण १६ जूल ऊर्जा देणारी रायफल रीतसर वापरतात (स्कॉटलंडमध्ये मात्र प्रमाणपत्र लागतं). तिथली सर्वमान्य कसोटी सोपी आहे: ज्या अंतरावर प्रत्येक छर्रा २५ मिमीच्या वर्तुळात बसतो, तेच तुमचं शिकारीचं अंतर. स्प्रिंगच्या बंदुकीने हे अंतर बहुतेकांच्या बाबतीत ३० मीटरच्या आतच राहतं. यापुढचा सगळा मजकूर टार्गेटबद्दल आहे.

चूक: कॅलिबर आणि ताकद बघून घेणं

आपल्याकडे ०.१७७ म्हणजे ४.५ मिमीची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद ठेवतो. ०.२२ म्हणजे ५.५ मिमीला परवाना लागतो. 'बिल करू नका, ०.२२ देतो' असं कुणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा. ४.५ मिमीचा छर्रा स्वस्तही असतो आणि त्याचा मार्ग अधिक सपाट राहतो, त्यामुळे टार्गेटसाठी तुमचं काहीच बुडत नाही.

आता आकड्यांची गंमत बघा. खोक्यावर '१००० एफपीएस' छापलेलं असतं, पण तो वेग बहुधा शिसं नसलेल्या, पाच-साडेपाच ग्रेनच्या हलक्या छर्र्याने मोजलेला असतो. ०.५४७ ग्रॅमचा (८.४४ ग्रेन) चांगला शिशाचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा जवळजवळ ९ जूल होते, २४० मीटरने गेला तर पावणेसोळा. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला ६-७ जूलही पुरतात. शिवाय वेग ध्वनीच्या जवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास गेला की कंबरेत बारीक असलेला हा छर्रा हवेत डगमगायला लागतो.

ताकद वाढली की स्प्रिंग जाड होते. मग कॉक करायला वीस किलोच्या आसपास जोर लागतो आणि धक्काही वाढतो. तिसाव्या छर्र्याला हात थरथरू लागतात. ज्याला आठवड्याला दोनशे छर्रे मारायचे आहेत त्याने १० ते १५ किलोच्या जोरात कॉक होणारी बंदूक घ्यावी. वायराउख या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ३० एस जगभर नावाजली गेली ती ताकदीसाठी नव्हे, ती कमी जोरात कॉक होते आणि तिचा ट्रिगर उत्तम आहे म्हणून. ती आपल्या बजेटबाहेर असली तरी निवडीचा निकष तिच्याकडून घ्यावा.

आणखी एक: परदेशातून नातेवाईक सल्ला देतात की जर्मनीतली अमुक घे. जर्मनीत विनापरवाना विकल्या जाणाऱ्या रायफलींवर पंचकोनात 'एफ'ची खूण असते आणि त्या ७.५ जूलपर्यंत मर्यादित असतात. बाहेरून त्या अगदी जास्त ताकदीच्या रायफलींसारख्याच दिसतात. ती ऊर्जा टार्गेटला पुरेशी आहे, फक्त आतलं माहीत असू द्या.

दुकानात काय तपासायचं

नळी मोडून कॉक होणारी, म्हणजे ब्रेक-बॅरल, हीच स्वस्तातली सरळ निवड. कॉक केल्यावर ती मधल्या कोणत्याही कोनात सोडा. नळी आपल्या वजनाने खाली पडत असेल तर पिव्हटचा, म्हणजे नळी जिथे मोडते त्या सांध्याचा, बोल्ट सैल आहे. बंद करून नळी डावीउजवीकडे हलवा. जरासुद्धा खेळ जाणवला तर दुसरा नग मागा. नळीच्या मागच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग फाटलेली किंवा चपटी झालेली नसावी.

जुनी बंदूक घेत असाल तर दस्त्याच्या मानेजवळ, म्हणजे हात धरतो त्या बारीक भागात, केसासारखी चीर शोधा. मागची साइट (नेम धरायची खाच) पूर्ण खाली नेऊनही छर्रा वर लागत असेल तर नळी वाकलेली आहे, कारण कधीतरी ती उघडी असताना कुणीतरी ट्रिगर दाबलाय. अशी बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीवरून स्प्रिंग रायफलबद्दल मत बनवू नये, एवढं इथे सांगायला हवं. त्या बंदुका वर्षानुवर्षं घासलेल्या असतात आणि त्यांच्या साइट्स कुठे बघतात ते स्टॉलवाल्यालाच ठाऊक.

चूक: सगळे पैसे बंदुकीवर, छर्रे मात्र मिळतील ते

बजेट पंधरा हजारांचं असेल तर त्यातले अडीच-तीन हजार छर्रे आणि बॅकस्टॉपसाठी (टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या खोक्यासाठी) बाजूला काढा. ७ ते ८.५ ग्रेनचे (०.४५ ते ०.५५ ग्रॅम) चार वेगवेगळे डबे आणा. दहा मीटरवर प्रत्येकाचे आधी दहा छर्रे नुसते मारा, म्हणजे नळीला तो छर्रा 'लागतो', आणि मग पुढचे दहा मोजा. चांगली जोडी जमली तर दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. तीच बंदूक दुसऱ्या डब्याने दुप्पट पसरट मारते, त्यात नवल काही नाही.

फार हलका छर्रा लवकर निसटतो, पिस्टनसमोर (स्प्रिंग ज्याला पुढे ढकलते त्या, हवा दाबणाऱ्या दट्ट्यासमोर) हवेची उशी उरत नाही आणि तो धातूवर आदळतो. फार जड छर्रा अडून राहिला की पिस्टन उसळी घेतो. दोन्हीत स्प्रिंग आणि सील (पिस्टनच्या तोंडाचं हवा अडवणारं वॉशर) झिजतात. रिकामी बंदूक उडवणं हे तर पहिल्या प्रकाराचं टोक: एका दुपारी 'टक-टक' करून मुलांनी सील फोडल्याची उदाहरणं दुरुस्तीवाल्यांकडे ढिगाने मिळतील. स्टीलच्या गोळ्या नळीतल्या पीळदार खाचा खातात आणि कडक पृष्ठभागावरून परत तुमच्याच तोंडावर येतात.

चूक: घट्ट धरणं

स्प्रिंगच्या बंदुकीचं वैशिष्ट्य हे की छर्रा नळीत असतानाच ती हलू लागते. पिस्टन पुढे झेपावतो तशी बंदूक मागे येते, पिस्टन थांबला की ती पुढे उडी घेते. ही हालचाल दरवेळी सारखी झाली तर नेम जमतो. पुढचा हात घट्ट आवळला, किंवा दस्ता विटेवर, खिडकीच्या कठड्यावर टेकवला, की हालचाल बदलते आणि छर्रा उसळून वर जातो.

पुढचा तळवा सपाट ठेवा, बंदूक त्यावर नुसती विसावू द्या, बोटं गुंडाळू नका. मागचा हात आणि खांदा हलका. तळव्याची जागा दस्त्यावर चिकटपट्टीने खूण करून ठरवा. दोन इंच पुढे-मागे सरकलात तरी दहा मीटरवर गट, म्हणजे भोकांचा पुंजका, हलतो. छर्रा लागेपर्यंत गाल उचलायचा नाही.

गट अचानक पसरला तर या क्रमाने बघा

पहिलं: स्क्रू. दस्त्याच्या पुढच्या दोन बाजूंचे आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू शंभर-दीडशे छर्र्यांत सैल होतात. तेल पुसून निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा आणि बेताने आवळा. लाल लावलंत तर पुढे उघडताना रडाल.

दुसरं: टेलिस्कोप. दोन दिशांच्या धक्क्याने साध्या टेलिस्कोपची आतली जाळी (नेमाच्या रेघा) सुटते. 'एअर गन रेटेड' असाच घ्या, आणि १० मीटरपर्यंत फोकस होणारा, नाहीतर चित्र धूसर राहतं. ११ मिमीच्या खाचेवर माउंट (टेलिस्कोप धरणारी पकड) हळूहळू मागे सरकतो. त्याला अडवणारी पिन किंवा स्टॉप हवाच.

इथे एक छान चाचणी आहे. बऱ्याच ब्रेक-बॅरल बंदुकींत मागची साइट नळीच्याच ठोकळ्यावर असते, तर टेलिस्कोप मागच्या ट्यूबवर बसतो. टेलिस्कोप काढा आणि साध्या साइटने दहा छर्रे मारा. गट सुधारला तर दोष टेलिस्कोपचा, माउंटचा किंवा नळीच्या पिव्हटचा. नाही सुधारला तर पुढे जा. खरं म्हणजे नवख्याने पहिले हजार छर्रे साध्या साइटनेच मारावेत. टेलिस्कोपचे पैसेही वाचतात.

तिसरं: हवेची गळती. जोडावर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा भरून मारा. पट्टी उडाली तर रबरी रिंग बदला. काही रुपयांच्या रिंगसाठी स्प्रिंग बदलून बसणारे लोक आहेत.

चौथं: स्प्रिंग आणि सील. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर दहा छर्रे मोजा. तंदुरुस्त बंदुकीत फरक सेकंदाला पाचेक मीटरच्या आत राहतो. फरक मोठा आणि सरासरी घसरलेली असेल तर सील गेलं. 'झण्ण' असा लांब आवाज स्प्रिंगला आत खेळ असल्याचा आहे. तो नेम बिघडवतोच असं नाही.

चूक: खोबरेल, मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०

पिस्टनपुढची हवा दाबाने क्षणात तापते. तिथे खनिज तेल असलं तर ते पेटतं: मोठा आवाज, नळीतून धूर, जळका वास. नव्या बंदुकीत पहिले शे-दोनशे छर्रे असं थोडंफार होतं आणि थांबतं. नंतरही चालू राहिलं तर तुम्ही जास्त तेल घातलंय. चामड्याच्या वॉशरला महिन्या-दोन महिन्यांनी सिलिकॉन चेंबर ऑइलचा एक थेंब, सिंथेटिक सीलला बहुधा तोही नको. हे सिलिकॉन तेल स्प्रिंगवर घालू नका, धातू धातूवर घासताना ते टिकत नाही. स्प्रिंगला आणि कॉकिंगच्या सांध्यांना मॉलिब्डेनम ग्रीस.

छर्रा भरताना आणि मारताना

कॉक केलेल्या बंदुकीत छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरलेलीच हवी. पकड सुटली तर नळी वर येते आणि अंगठा मध्ये सापडतो. ट्रिगरवर बोट फक्त नेम धरल्यावर. कॉक करून ठेवून चहाला जायचं नाही. स्प्रिंगही बसते आणि घरात कुणी हात लावू शकतो.

छर्रा तीनशे मीटरच्या पलीकडेही जाऊ शकतो, त्यामुळे गच्चीवर किंवा अंगणात 'मागे भिंत आहे' एवढं पुरत नाही. भिंतीवरून तो परततो. लाकडी खोक्यात जुने कपडे किंवा रबराचे तुकडे दाबून भरा, मागे १८ मिमीचा प्लायवूड लावा, आणि मध्यभाग चाळणी झाला की भरण बदला. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिशाला हात लागतो, म्हणून खाण्यापूर्वी साबणाने धुवा.

स्पर्धेचा विचार असेल तर १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमीचा असतो आणि तिथे आज दाबलेल्या हवेच्या, धक्का नसलेल्या रायफली चालतात. घरच्या स्प्रिंगवर ट्रिगर आणि श्वास शिकावा. स्पर्धेसाठी आधी पुण्यातल्या बालेवाडीसारख्या रेंजवर जाऊन तिथली रायफल हातात घेऊन बघावी, मगच पैसे घालावेत.

पावसाळा आणि दुरुस्ती

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बंदूक फोमच्या पेटीत ठेवली की फोम ओल धरतो आणि पोलादावर गंजाचे डाग उठतात. तेलाचं फडकं फिरवून कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कुलूपबंद कपाटात ठेवा. घामाचे ठसे प्रत्येक वापरानंतर पुसा. नळीत पितळी ब्रश घालू नका. नायलॉनच्या दोरीला कापडाची चिंधी बांधून मागून पुढे ओढणं पुरे, तेही गट बिघडला तरच.

स्प्रिंग घरी बदलायची हौस असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बंदूक कॉक नसतानाही आतली स्प्रिंग काही सेंटीमीटर दाबलेली असते. मागची पिन ठोकून काढली की टोपी सुटते आणि गोळीसारखी येते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर पिनला हात लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि जुनी स्प्रिंग परत मागून घ्या म्हणजे नवीची लांबी आणि तारेची जाडी शेजारी ठेवून ताडता येते.