पडतात म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद? या चुका टाळा

"आई बाथरूममध्ये घसरल्या, म्हणून ती गोळी बंद केली." दवाखान्यात हे वाक्य ऐकलं की मला अजूनही राग येतो.

ती गोळी दिलेली असते एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारासाठी. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. पडून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे खरंच. पण १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दोन्ही धोक्यांचा हिशेब मांडला. वॉरफरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) न देणं शहाणपणाचं ठरायला माणूस वर्षात सुमारे २९५ वेळा पडावा लागेल, असं उत्तर आलं.

कोथरूडच्या एका आजी रात्री लघवीला उठताना पडल्या. मनगट मोडलं. मुलाने परस्पर गोळी थांबवली आणि "निदान ही तरी" म्हणून ॲस्पिरिन सुरू केली. दिवाळीच्या तोंडावर सकाळी हातातला कप गळाला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आजी वाचल्या, पण सुनेला हाक मारायला जातात आणि शब्द फुटत नाही. त्या का पडल्या, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. झोपेची गोळी, रात्री घेतलेली रक्तदाबाची गोळी, ओली शहाबादी फरशी आणि अंधार.

म्हणून पडलेला पेशंट आला की मी आधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीतून आणायला सांगतो. रक्तदाब झोपवून आणि मग उभं करून मोजतो. बाथरूमचा फोटो मागतो. आधाराचा दांडा बसवायला एक सुट्टी पुरते. तेवढाही धीर नसलेले लोक गोळी मात्र एका मिनिटात बंद करतात.

ॲस्पिरिन हा मधला मार्ग नव्हे. वॉरफरिन ज्यांना चालणार नव्हतं अशा पेशंटवर ॲव्हेरोज चाचणी झाली, २०११ मध्ये. ॲस्पिरिनच्या तुलनेत एपिक्साबॅन या रक्त पातळ करायच्या नव्या गोळीवर पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला.

वय झालं म्हणून आपल्या मनाने अर्धी गोळी करू नका. एपिक्साबॅनचा डोस कमी करताना वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

गुडघे दुखले म्हणून या गोळीबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, रक्तस्राव वाढतो.

हृदयाची मायट्रल झडप अरुंद किंवा कुठलीही झडप कृत्रिम धातूची असेल, तर शेजारच्या काकांची 'नवी गोळी' बघून एसिट्रोम (वॉरफरिनच्याच जातीची गोळी) बदलू नका.

मेंदूत आधीच रक्तस्राव झालेल्यांचा विचार वेगळा. तो मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून करायचा.

आणि डोकं आपटलं, तर "काही लागलं नाही" म्हणून घरी बसू नका. बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, सीटी स्कॅनचं विचारा. फाईल सापडली नाही तर गोळ्यांची पट्टी उचला आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते लिहून न्या.