भाकरी, भात की पेज?

बालदंतचिकित्सेला नव्याने प्रवेश घेतलेल्या दोघी जणी परवा विचारत होत्या, "ताई, प्रबंधाला जनुकांचा विषय झेपेल का?" झेपेल. पण जनुकाच्या आधी तोंड बघायला शिका.

नाशिकला एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करताना मी प्रबंधाला ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांमधला म्युकोसायटिस घेतला होता, म्हणजे केमोथेरपीमुळे होणारा तोंडातला दाह. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा डोस सारख्याच हिशेबाने दिलेला, तरी एका मुलाचं तोंड नुसतं लाल होतं आणि शेजारच्या खाटेवरच्याचं सोलून निघतं. असं का होतं, हा माझा प्रश्न. हे औषध पेशीतलं फोलेटचं, म्हणजे नव्या पेशी बनायला लागणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाचं, चक्र अडवतं. तोंडाचं अस्तर भराभर नवं होत असतं, म्हणून त्याला झळ लवकर लागते. एमटीएचएफआर जनुकातून बनणारं एन्झाइम त्याच चक्रात काम करतं. या जनुकात ६७७ व्या जागी सी या डीएनएच्या अक्षराऐवजी टी आला की एन्झाइम मंदावतं, आईवडील दोघांकडून टी आला तर जास्तच. एसएलसीओ१बी१ जनुकाचं प्रथिन औषध यकृतात ओढून घेतं. त्यातल्या फरकांनी मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायचा वेग बदलतो.

हे सगळं मला पाठ होतं. चूक झाली ती दुसरीकडेच. मी मुलांना डिस्चार्जच्या वेळी तपासायचे, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोंड स्वच्छ दिसायचं, तक्त्यात शून्य पडायचं. फोड बहुतेकदा त्यानंतर उठतात, तोवर मूल सुरगाण्याला किंवा पेठला घरी पोचलेलं असतं. पुढच्या खेपेला एक आई म्हणाली, "आठ दिवस पाण्याशिवाय काही गेलं नाही हो याच्या पोटात." माझ्या तक्त्यात त्या पोरासमोर शून्य होतं. त्या रात्री झोप लागली नाही. तोवरचे सगळे फॉर्म बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन महिने गेले, पण नाहीतर जनुकाची चाचणी कितीही अचूक करून निष्कर्ष खोटाच निघाला असता.

मग रोज फोन. जागतिक आरोग्य संघटनेची श्रेणी मुळात खाण्यावरच बेतलेली आहे: शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे लाली किंवा दुखणं, दोन म्हणजे फोड पण घट्ट अन्न जातं, तीन म्हणजे फक्त पातळ, चार म्हणजे तोंडाने काहीच नाही. आयांना श्रेणी विचारून उपयोग नसतो. मी विचारायचे, "आज नागलीची भाकरी खाल्ली का? भात? की नुसती पेज?" उत्तर चोख यायचं. पेजही नको म्हणतोय असं कळलं, की त्याच मिनिटाला वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवायचं. तो प्रबंधाचा भाग नाही, तरीही.

समोर तपासताना जागा नीट बघा. म्युकोसायटिस सहसा गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या खाली असतो. हिरड्यांवर, टाळूच्या कडक भागावर पुंजक्याने बारीक फोड दिसले तर नागीण-वर्गातल्या हर्पिसचा संशय घ्या. पांढरा थर पुसून निघत असेल तर बुरशी. हे सगळं एकाच नावाखाली गेलं, तर जनुकाशी जोडणार काय?

जनुक तपासायला लागणाऱ्या रक्ताचं थोडक्यात. जांभळ्या टोपीची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची नळीच घ्या. हिरव्या टोपीतलं हेपरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची चाचणी, बिघडवतं. निदानाच्या वेळचं रक्त कर्करोगाच्या पेशींनी भरलेलं असतं, म्हणून आजार आटोक्यात आल्यावरचं घ्या, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर थांबा, आणि नेहमीच्या तपासणीच्या सुईतूनच घ्या, वेगळं टोचू नका. ६७७ च्या चाचणीत डीएनएचे तुकडे १९८ आणि १७५ अक्षरांचे (बेसपेअर) येतात, त्यांच्या पट्ट्या फार जवळ असतात. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल ३ टक्क्यांचं करा आणि सावकाश चालवा. मी घाईत चालवलेल्या जेलवर दोन्हींची एकच जाड पट्टी दिसायची.

म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स समितीला वेळ लागतो. पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. बारा वर्षांपुढे तो लेखी.

संमतीच्या वेळी एका आईने मला विचारलं होतं, "म्हणजे आमच्या रक्तातच खोट आहे का?" या प्रश्नाची तयारी करूनच वॉर्डात जा. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की हा फरक कितीतरी धडधाकट माणसांत असतो, त्याने कर्करोग झालेला नाही, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. आणि हेही, की तोंड येण्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही, म्हणूनच आम्ही तपासतोय. त्यांनी फॉर्म गुडघ्यावर घेऊन सही केली. मग म्हणाल्या, "मग आज त्याला पेज कोमट करून देऊ ना?"