लुईस बेटावरील ऊइग पॅरिशचा इतिहास आणि तेथील स्थळे कशी पाहावीत

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागराला सामोऱ्या असलेल्या लुईस बेटाचे पूर्वी चार पॅरिश होते: स्टॉर्नोवे, बार्वास, लॉख्स आणि ऊइग. चर्चच्या कारभारासाठी आखलेले हे विभाग पुढे गरिबांना मदत आणि जन्ममृत्यूच्या नोंदी अशा कामांसाठीही वापरात आले. त्यामुळे एखाद्या गावाचा माग काढताना आधी त्याचा पॅरिश ठाऊक असावा लागतो. पश्चिम टोकाचा ऊइग हा विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ असा पॅरिश आहे. कॅलनिशचे उभे दगड आणि लुईसची बुद्धिबळाची मोहरी यांमुळे त्याचे नाव जगभर पोहोचले आहे. तरीही केवळ ही दोन नावे मनात धरून तेथे जाणाऱ्याला ऊइग अर्धाच दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. या भूमीवर कोणी राहायचे आणि कोणाला उठवायचे, हा तेथील गेल्या दोन शतकांतला कळीचा प्रश्न होता आणि त्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी फलकाविना पडून आहेत.

म्हणून सुरुवात घरी, कागदपत्रांपासून करावी. स्कॉटलंडमधील बहुतेक प्रत्येक पॅरिशचे वर्णन तेथील पाद्र्यांकडून दोनदा लिहवून घेतले गेले, एकदा १७९०च्या दशकात आणि पुन्हा १८३४ ते १८४५ या काळात. ही दोन्ही ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट्स’ आता इंटरनेटवर वाचता येतात. ऊइगची दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचावीत, कारण मधल्या काळात जमिनीचा वापर आणि लोकांचे जगणे किती पालटले हे त्यांतून कळते. मात्र लिहिणारा पाद्री होता, हे विसरू नये. आपल्या लोकांच्या श्रद्धेविषयी आणि वर्तनाविषयी तो जे म्हणतो त्यात त्याची स्वतःची भूमिका मिसळलेली असते. घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १८५५ साली सुरू झाली, त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत शोधाव्या लागतात. शिवाय लुईस १९७५ पर्यंत रॉस परगण्यात मोडत असे, तर त्याला जोडून असलेला हॅरिस इन्व्हर्नेस परगण्यात. चुकीच्या परगण्याखाली शोधल्यास हाती काही लागत नाही.

यानंतर नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला केलेले लुईसचे तपशीलवार नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. जुन्या नकाशात घरे आणि आजच्या चित्रात नुसते गवत, अशी ठिकाणे टिपून ठेवावीत. प्रत्यक्ष गेल्यावर तेथे कमरेइतक्या दगडी भिंती आणि त्यांच्याभोवती उतारावर समांतर चाललेले मातीचे उंच वाफे दिसतात. ओलसर जमिनीतले पाणी निथळून जावे म्हणून हे वाफे उचलून घेतलेले असत आणि समुद्रातील शेवाळ खत म्हणून पाठीवरून वाहून आणले जाई. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना वाफ्यांच्या कडांची सावली पडते आणि दुपारी सपाट वाटलेली टेकडी एकाएकी शेतांनी भरलेली दिसू लागते. रस्ता जेथे संपतो त्या मेलिश्ताच्या परिसरात, एकेकाळी वसलेल्या आणि नंतर उठवल्या गेलेल्या गावाच्या अशा खुणा पाहण्यास पुरेसा वेळ राखून ठेवावा.

मुख्य भूमीवरील उलापूलहून फेरीने अडीच-पावणेतीन तासांत स्टॉर्नोवेला पोहोचता येते. तेथून कॅलनिश पश्चिमेला आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास उभारलेल्या या रचनेत तेरा दगडांचे वर्तुळ, त्याच्या मधोमध सुमारे ४.८ मीटर उंचीचा दगड आणि उत्तरेकडे जाणारी दुहेरी रांग आहे. हे दगड लुईसच्याच नाइस खडकाचे आहेत. अगदी जवळ उभे राहिल्यास त्यांतील फिकट आणि काळसर पट्टे वाकत, वळत गेलेले दिसतात. शतकानुशतके साचलेल्या सुमारे दीड मीटर पीटमध्ये, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, ते रुतलेले होते, आणि बेटाचे मालक सर जेम्स मॅथेसन यांनी १८५७ साली तो पीट उपसून घेतला. मुख्य वर्तुळ पाहून परत न फिरता जवळच असलेली लहान वर्तुळेही पायी जाऊन पाहावीत, कारण ही एकटी वास्तू नसून संपूर्ण परिसराची रचना होती, हे तेथून नजर टाकल्यावरच उमजते.

याच मॅथेसन यांचे नाव लुईसच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ग्रेट बर्नेरा या बेटावर वेगळ्या संदर्भात येते. १८४४ साली त्यांनी लुईस विकत घेतले. १८५०च्या दशकात दोन हजारांहून अधिक लोक त्यांच्या खर्चाने कॅनडाला पाठवण्यात आले. पुढे त्यांचा कारभारी डोनाल्ड मन्रो याने बर्नेराच्या कुळांची चराऊ राने काढून घेण्याचा घाट घातला, तेव्हा १८७४ साली लोकांनी घर-जमीन सोडण्याच्या नोटिसा घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विरोध केला. तिघांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. हायलँड्स म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील कुळांच्या लढ्यातला हा फार लवकरचा विजय होता. कुळांना जमिनीवर हक्काने राहू देणारा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १८८६ साली झाला. बर्नेराला लुईसशी जोडणारा पहिला पूल १९५३ साली झाला. बेटाच्या उत्तर टोकाला बोस्ता येथे वादळाने किनाऱ्याची वाळू वाहून गेल्यावर लोहयुगातील घरे उघडी पडली, त्यांचे उत्खनन १९९६ साली झाले आणि तशाच बांधणीचे एक घर शेजारी उभारण्यात आले आहे. खाली वाकून त्याच्या आत अवश्य शिरावे. अटलांटिकचा वारा टाळण्यासाठी घर जमिनीत का खोचले जाई, हे आत पाऊल टाकताच कळते.

बुद्धिबळाची मोहरी ज्या ऊइगच्या विस्तीर्ण वाळूत १८३१ साली किंवा त्याच्या थोडे आधी सापडली, तेथे आर्ड्रॉइलजवळ लाकडातील मोठा राजा बसवला आहे. वॉलरसच्या दातांत मुख्यतः कोरलेली ही मोहरी बाराव्या शतकातील असून ती बहुधा नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे घडवली गेली. लुईस ज्यांत मोडते ती हेब्रिडीज बेटे १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाच्या सत्तेखाली होती, त्यामुळे त्यांचे येथे सापडणे नवलाचे नाही. सापडलेल्या ९३ वस्तूंपैकी ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ११ एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वाळूत मोहरी शोधण्याऐवजी ती स्टॉर्नोवेच्या ल्यूस किल्ल्यातील संग्रहालयात पाहावीत; ब्रिटिश म्युझियमकडून आलेली सहा मोहरी तेथे ठेवलेली आहेत. गालाला हात लावून बसलेली चिंतातुर राणी आणि ढालीची कड दातांत धरलेला योद्धा ही या संचाची ओळख आहे. मोहरी आधी आणि वाळू नंतर, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो.

लुईसच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या फ्लॅनन बेटांवरील दीपगृह १८९९ साली सुरू झाले आणि पुढच्याच डिसेंबरात तेथील तीन रखवालदार नाहीसे झाले. बेटांवर उतरणे हवामानावर अवलंबून असल्याने बहुतेकांनी लुईसवरच ब्रेस्क्लेट येथे रखवालदारांच्या कुटुंबांसाठी बांधलेली इमारत रस्त्यावरून पाहण्यावरच समाधान मानावे. तेथे आता लोक राहतात, म्हणून आवारात शिरू नये.

ऊइगकडे जाताना गॅरिनाहाइन गावाच्या पुढे रस्ता बराचसा एकेरी आहे. समोरून किंवा मागून येणाऱ्या वाहनाला वाट देण्यासाठी ठेवलेल्या जागांवर मुक्काम किंवा छायाचित्रणासाठी गाडी उभी करू नये. रविवार येथे आजही गांभीर्याने पाळला जातो, त्यामुळे इंधन आणि शिदोरी शनिवारीच घ्यावी. टिम्सगॅरी येथील स्थानिक इतिहास मंडळाचे संग्रहालय उन्हाळ्यात उघडे असते. गाव, घर आणि व्यक्ती यांची नावे लिहून नेल्यास तेथील माणसे नेमक्या पडक्या भिंतीपर्यंतची वाट सांगू शकतात, म्हणून शक्य असल्यास मेलिश्ताकडे वळण्यापूर्वीच तेथे थांबावे.