हा लाँग बेमध्ये बोटीवर मुक्काम करताय? या चुका टाळा

व्हिएतनाममधल्या 'हा लाँग बे' या उपसागरातल्या बोटीवर एकदा चढलात की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. बोट कुठल्या पाण्यात फिरणार, महिना कोणता, जेवणाचं काय, परतीचं विमान किती वाजता, हे सगळं घरी बसूनच ठरून गेलेलं असतं. परतल्यावरच्या तक्रारीही जवळपास याच गोष्टींच्या असतात. म्हणून या लेखातला मोठा भाग बुकिंगबद्दल आहे, बोटीवरच्या गमतीजमतींबद्दल कमी.

'क्रूझ' लिहिलंय म्हणजे मुक्काम आहे, असं समजणं

आठ दिवसांच्या व्हिएतनाम पॅकेजमध्ये 'हा लाँग बे क्रूझ' असं लिहिलेलं असतं आणि घरात सगळे खूश होतात. पुष्कळदा ती दिवसाची फेरी असते: चार-सहा तास बोटीवर, जेवण, एक गुहा, एक बेट, आणि रात्री पुन्हा हनोईत. ही फेरी वाईट नाही. लहान मूल किंवा खूप वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तीच सुचवेन. पण तुम्हाला बोटीवरचा मुक्काम हवा असेल तर कागदावर 'बोटीवर १ रात्र' हे शब्द आणि बोटीचं नाव दिसलं पाहिजे. 'हा लाँगमध्ये १ रात्र' एवढंच असेल तर तो किनाऱ्यावरच्या हॉटेलातला मुक्काम असू शकतो.

मुक्कामाच्या फेरीचा साचा बहुतेक सगळीकडे सारखाच. हनोईच्या जुन्या भागातून सकाळी आठ-साडेआठला गाडी निघते, बाराच्या सुमारास बोटीवर चढायचं, दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास उतरायचं. म्हणजे 'दोन दिवस एक रात्र' म्हणून विकलं जातं ते पूर्ण चोवीस तासही भरत नाही. दुपारी गुहा, संध्याकाळी स्प्रिंग रोल वळायला शिकवणं, रात्री माकूळ पकडायला गळ, पहाटे डेकवर ताई ची हा संथ चिनी व्यायाम, असा कार्यक्रम भरगच्च असतो. प्रत्येक गोष्टीला जायलाच हवं असं काही नाही. गळाला माकूळ लागेल या आशेवर तर अजिबात जागू नका.

कुठल्या पाण्यात जाणार ते न विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'हा लाँग' या एका नावाखाली तीन वेगळ्या भागांतल्या सफरी विकल्या जातात.

मधला भाग म्हणजे मूळ हा लाँग बे. १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तो हा. सुंग सॉत गुहा इथेच आहे, आणि 'ती टॉप' नावाचं बेटही. हे 'ती टॉप' म्हणजे सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव. १९६२ मध्ये व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह त्याला इथे घेऊन आले आणि बेटाला त्याचं नाव दिलं. फोटोत दिसणारी ठळक ठिकाणं याच भागात आहेत, त्यामुळे गर्दीही इथेच. सुंग सॉतच्या पायऱ्यांवर दुपारी रांग लागते, गणपतीत मंडपाबाहेर लागते तशीच.

दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा बे आहे. तो हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो. २०२३ मध्ये कात बा द्वीपसमूहही वारसा क्षेत्रात जोडला गेला. सुळके तेच, चुनखडीचे, हिरवे, पाण्यातून सरळ वर उठलेले, पण बोटी कमी आणि कयाक चालवायला निवांत कोपरे जास्त. ईशान्येला बाय तू लाँग बे आहे. तिथल्या बोटी साधारणपणे हॉन गाय धक्क्यावरून सुटतात आणि वुंग व्हिएंग या तरंगत्या कोळीवाड्याकडे जातात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानंही लान हा किंवा बाय तू लाँग घ्यावा. पण घरातल्या कुणाला ती 'फोटोतली' गुहा पाहायचीच असेल, तर मधला भाग घ्या आणि गर्दीबद्दल नंतर कुरकुर करू नका. काहीही घेतलंत तरी व्हाउचरवर तीन गोष्टी लिहून घ्या: बेचं नाव, धक्क्याचं नाव आणि बोटीचं पूर्ण नाव. पूर्ण नाव अशासाठी की एकमेकांच्या नावांशी मिळतीजुळती नावं ठेवणाऱ्या बोटी इथे भरपूर आहेत. २०१२ पासून पर्यटक बोटी पांढऱ्या रंगवाव्यात असा स्थानिक प्रशासनाचा आदेश निघाला, तेव्हा लांबून रंगावरून ओळखण्याचीही सोय राहिली नाही.

धक्क्यावर गेल्यावर भलत्याच बोटीकडे नेलं तर? चढण्याआधी बोला. व्हाउचर दाखवा, जिथून बुकिंग केलं तिथे तिथूनच फोन किंवा मेसेज करा, बोटीच्या नावाचा फोटो काढा. सामान केबिनमध्ये ठेवून जेवायला बसल्यावर केलेल्या तक्रारीला धार राहत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन निळ्या आकाशाची अपेक्षा ठेवणं

आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबानं पाहू. दिवाळीची सुट्टी उत्तम. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर इथली हवा कोरडी, स्वच्छ असते. नाताळच्या सुट्टीत थंडी असते, आकाश बरेचदा राखाडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि झिमझिम पाऊस, इतका बारीक की छत्री उघडावी की नाही कळत नाही. काहींना तो धुक्यातला हा लाँगच जास्त आवडतो, मलाही. पण पोहायचं आणि उन्हात डेकवर लोळायचं असेल तर ते दिवस नव्हेत, आणि 'व्हिएतनाम म्हणजे उकाडा' असं समजून नुसते टी-शर्ट भरून गेलात तर कुडकुडाल. एप्रिल चांगला. मेमध्ये उकाडा आणि घाम. जून ते ऑक्टोबरची सुरुवात हा वादळांचा काळ. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानं इथल्या कित्येक बोटी बंदरातच बुडवल्या.

वादळाचा इशारा आला की प्रशासन बोटी सोडत नाही. बोटीवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो, परवानगी त्याच्या हातात नाही. कधी फेरी पूर्ण रद्द होते, कधी रात्रीचा मुक्काम रद्द होऊन दिवसाची फेरी मिळते, कधी रात्रीतूनच परत आणतात. बुकिंग करताना या तिन्ही शक्यतांत पैशांचं काय होईल ते वेगवेगळं विचारून लेखी घ्या. पूर्ण रद्द झाल्यावर पैसे परत मिळणं सोपं. खरी ओढाताण होते ती अर्धवट झालेल्या फेरीवरून.

म्हणूनच हा लाँग सहलीच्या शेवटी ठेवू नये. हनोईत उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जाऊन यावं. एखादा दिवस पुढे ढकलावा लागला तर निन्ह बिन्ह किंवा हनोई फिरून वेळ सत्कारणी लावता येतो. शेवटच्या दिवसासाठी तो ठेवला असेल तर मात्र फेरी गेली ती गेलीच.

'व्हेज' एवढंच सांगून निश्चिंत होणं

बोटीवरच्या जेवणाचा जीव म्हणजे समुद्री खाणं. कोळंबी, कालवं, शिंपले, माकूळ. मासे खाणाऱ्यांची चैन असते, मसाला मात्र आपल्यासारखा शोधू नये. अडचण होते शाकाहारी मंडळींची. पालेभाजीत फिश सॉस असतो, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, फ्राइड राइसमध्ये अंडं. वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते, तो काही फसवत नसतो.

त्यामुळे काय चालतं ते सांगण्यापेक्षा काय चालत नाही त्याची यादी द्या: मांस, चिकन, मासे, कोळंबी, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, अंडं, मांसाचं पाणी. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटाही. ही यादी बुकिंगच्या वेळी एकदा, निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा, आणि बोटीवर चढल्याबरोबर रेस्टॉरंट सांभाळणाऱ्या माणसाला तिसऱ्यांदा द्या. बोटीचं स्वयंपाकघर लहान आणि किराणा किनाऱ्यावरूनच भरून निघतो. नांगर टाकल्यावर 'पनीर आहे का' हे विचारण्यात अर्थ नाही. टोफू, भात, भाज्या आणि फळं एवढ्यावर भागवायची तयारी ठेवावी. व्हिएतनामी बौद्ध परंपरेत शाकाहाराचे दिवस पाळले जातात, म्हणून 'आन चाय' हे दोन शब्द कागदावर लिहून दाखवलेत तर स्वयंपाक्याला नेमकं कळतं. तरीही तळणाचं तेल वेगळं असेल याची खात्री धरू नका. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी तळलेलं सोडावं.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग बरोबर ठेवाच. बाहेरच्या खाण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, बाहेरच्या दारूवर मात्र बऱ्याच बोटी जादा पैसे लावतात. खाऊ डब्यांत न्या. बेवर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकला २०१९ पासून बंदी आहे, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चढू नका.

स्वस्त पडते म्हणून खालची केबिन

खालच्या डेकवरच्या केबिन पाण्याच्या पातळीजवळ असतात, आणि मागच्या टोकाला असतील तर जनरेटरची घरघर रात्रभर. बोट रात्री नांगरून उभी असते, त्यामुळे इंजिन बंद. पण एसी आणि दिवे जनरेटरवरच चालतात. केबिन मागताना 'मधली, वरच्या डेकवरची, जनरेटरपासून लांब' असं स्पष्ट सांगा. बार किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर खालची खोलीही नको. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या. बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजावेत का? हिवाळ्यात नको, एरवी हो.

बोट लागेल ही भीती मात्र उगाच असते. हजारो बेटांच्या आडोशामुळे आतलं पाणी तळ्यासारखं असतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी हनोईहून येतानाच्या अडीच तासांसाठी गोळी घ्यावी. जुन्या माहितीत हा प्रवास चार तासांचा लिहिलेला सापडतो. हाय फाँग ते हा लाँग द्रुतगती मार्ग २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून तो बराच कमी झाला.

कागद, बॅग, चार्जर

मूळ पासपोर्ट बरोबर हवाच, झेरॉक्सवर भागत नाही. रात्रीच्या मुक्कामासाठी नोंदणी होते. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एका प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर आहे. मधेच कंबोडियाला जाऊन पुन्हा व्हिएतनाममध्ये येणार असाल तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवा. धक्क्यावरून लहान होडीनं बोटीवर जाताना दोन-दोन सूटकेसा उचलणं त्रासाचं होतं. आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर तिथे बसतो, तीन जाड पिनांचा बसत नाही.

गुडघे आणि भरतीचं वेळापत्रक

ती टॉपच्या माथ्यावर जायला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत, सुंग सॉतमध्येही चढ-उतार आहे आणि आत जमीन ओली. 'बोटीची सहल म्हणजे बसून राहायचं' असं आई-बाबांना सांगून नेलंत तर ते खालच्या वाळूवर तासभर वाट बघत बसतील. त्यात वाईट काही नाही, पण आधी सांगा. चपलेऐवजी पकड असलेले बूट.

कयाकसाठी दिलेली वेळ ऐनवेळी बदलली तर गाइडवर चिडू नका. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. हा लाँग ज्यात येतो त्या टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवशी एकदाच, आणि पाणी तीन-चार मीटरपर्यंत चढतं. लुऑन गुहेसारख्या ठिकाणी दगडी कमानीखालून आत जायचं असतं. भरतीला ती कमान डोक्यावर येते. कयाक बहुतेक दोघांची असते, तेव्हा वल्हं मारता न येणारे दोघे एकत्र बसू नका. आणि बोटीकडे परतताना बाहेरच्या प्रवाहाविरुद्ध जावं लागू शकतं, म्हणून हात थकायच्या आतच वळा. जमत नसेल तर बांबूची होडी असते, तिथलीच बाई किंवा बुवा वल्हवतात.

लाइफ जॅकेट कुठे आहे ते न पाहणं

पाणी शांत दिसतं म्हणून ही गोष्ट राहून जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये ती टॉपजवळ नांगरलेली मुक्कामाची बोट पहाटे बुडाली आणि १२ जण मरण पावले. जुलै २०२५ मध्ये दिवसाच्या फेरीची एक बोट अचानक उठलेल्या वादळात उलटली, पस्तीसहून जास्त माणसं गेली. केबिनमध्ये शिरल्यावर बॅग ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा: माणशी एक जॅकेट आहे का, मुलांच्या मापाचं आहे का, आणि खिडकी किंवा बाल्कनीचं दार आतून सहज उघडतं का. बाहेर पडायचा जिना दिवसाउजेडी एकदा चालून बघा. आकाश काळवंडून वारा सुटला तर फोटोसाठी डेकवर थांबू नका, पण आत कोंडूनही घेऊ नका. जॅकेट घालून दाराजवळच्या जागेत बसा आणि कर्मचारी सांगतील ते करा.

उतरायच्या दिवशी

हनोईच्या जुन्या भागात परतायला दुपारचे दोन-तीन वाजतात, तिथून नोइ बाय विमानतळ आणखी पाऊण तास. आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी ठेवायचंच असेल तर रात्री नऊनंतरचं ठेवा. वादळाच्या मोसमात तेही नको.

बिल सकाळी केबिन सोडताना येतं. पेयं, मसाज, काही बोटींवर जेवताना घेतलेलं पाणीसुद्धा त्यात असतं. कार्डानं दिलं तर वर काही टक्के लागतात, म्हणून थोडे डाँग (व्हिएतनामी चलन) जवळ ठेवा. बिल आदल्या रात्रीच मागून वाचा, कारण सकाळी नाश्ता, गुहा आणि बॅग भरणं एकदमच येतं. न घेतलेली एखादी बिअर बिलात दिसली तर रात्रीच काढून घेता येते. किनाऱ्यावर गाडी हॉर्न वाजवत उभी असताना तेवढ्यासाठी कुणी वाद घालत बसत नाही, आणि हे बोटीवाल्यालाही ठाऊक असतं.