बाळंतिणीचा लाडू लिंबाएवढाच वळावा
अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या 6 महिन्यांत रोज सुमारे 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे बाळंतपणानंतर लगेच उपाशी राहून वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. मात्र तूप, गूळ, खोबरे आणि खारीक घातलेला डिंकाचा लाडू लिंबाएवढा वळला, तर सकाळी एक पुरतो. सासूबाई प्रेमाने पुढे करतात तो दुसरा लाडू आणि त्यावर वाटीभर शिरा, हा हिशेब वजनकाट्यावर दिसतोच. पुन्हा भूक लागल्यास मुगाचे वरण, मेथीची भाजी आणि भाकरी घ्यावी. अंगात बळ येताच घरातल्या घरात दहा मिनिटे चालावे. सिझेरियन झाले असल्यास पोटाचे व्यायाम डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच सुरू करावेत. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.