पेंड वाढवली, तरी गाय भरेना
सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ गावाजवळ आमचा गोठा. चारा म्हणजे उसाचं वाढं आणि कडबा. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय वाळत चालली म्हणून मी सरकी पेंड वाढवत गेलो. पैसे गेले, दूध तेवढंच. डोळ्यांभोवतीचे काळे केस तांबूस झालेले दिसत होते, पण उन्हामुळं असेल म्हटलं (सोलापुरात सगळ्याला हेच कारण!). डॉक्टरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं: तांबं कमी. कोबाल्ट नसेल तर पोटातल्या जंतूंना बी-12 बनवता येत नाही, जस्ताशिवाय शरीरात प्रथिनं नीट बांधली जात नाहीत. मग नुसती पेंड काय करणार? पेंड पूर्वीइतकी केली, आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण कालवलं, त्यात तांबं, कोबाल्ट, जस्त सगळं असतं. पहिल्या दिवशी तिनं हुंगून तोंडच फिरवलं; गुळाचं पाणी शिंपडल्यावर चाटून खाल्लं. दोन महिन्यांत नवे केस काळे आले, दूध लिटरभर वाढलं.